आमची वाटचाल: मशीन विकता विकता फिल्टर धुवायला लागलो

लातूरला गंजगोलाईच्या जवळ आमचं छोटं सर्जिकलचं दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं. आधी बीपीचं मशीन, वॉकर, कमरेचे पट्टे, कमोडची खुर्ची असलंच विकायचो, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे घरीच ऑक्सिजन देणारं मशीन, एखादा असायचा, तोही भाड्यानं. मग कोरोनातला 2021 चा एप्रिल-मे आला. तेव्हा लोकं कंपनी विचारत नव्हते, किंमत पण नाही, आहे का नाही एवढंच. लाट ओसरली की हा धंदा बसणार असं आम्ही धरून चाललो होतो, पण झालं उलटंच, कारण घराघरात मशीनं जाऊन बसली होती आणि ती साफ कशी करायची हे कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं.

ह्या ऑक्सिजनच्या मशीनमध्ये ऑक्सिजन भरलेला नसतो, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. ते खोलीतलीच हवा ओढतंय. हवेत ऑक्सिजन 21 टक्के आणि बाकी बहुतेक नायट्रोजन, तो नायट्रोजन आतले जिओलाइटचे दाणे धरून ठेवतात आणि नळीतनं 90 टक्क्यांच्या वर ऑक्सिजन बाहेर येतोय. मग खोलीत धूळ असेल तर मशीन धूळच खाणार ना. आपल्याकडं डाळमिल कमी आहेत का? मिलच्या मागच्या गल्लीत एका आजोबांकडं गेलो होतो, दम कमी होईना म्हणून घरच्यांनी फ्लो (मिनिटाला किती लिटर ते) दोनवरनं चारवर नेलेला, डॉक्टरांना न विचारता. मागची जाळी काढली तर स्पंजवर चुनीचा (डाळीच्या भुशाचा) पिवळसर थरच्या थर, बोटानं खरवडला तर पापडीसारखा निघाला. ऑक्सिजन किती टक्के ते मोजणारा ॲनालायझर लावला, 70 च्या आसपास. सूनबाई म्हणल्या, "दादा, हवा तर जोरात यायलीय की!" हवा येतीच हो, त्यात ऑक्सिजन किती हे हाताला कळत नसतंय. तेव्हापासनं ॲनालायझर घेतल्याशिवाय आम्ही कुणाच्या घरी जात नाही.

बाहेरचा स्पंज आठवड्याला साध्या साबणाच्या पाण्यात धुवायचा आणि पूर्ण वाळवूनच बसवायचा, ओला बसवला की ओलावा आत जातो आणि ते दाणे ओलाव्यानंच मरतात. आतला बारीक फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचाच. लोकं तोही धुतात, पैसे वाचवायला, आणि मग कॉम्प्रेसरच्या खर्चाला येतात. माळ्यावर गुंडाळून ठेवलेली मशीनं तर पावसाळ्यात हमखास जातात, महिन्यातनं थोडा वेळ चालवत जावा.

पाण्याचं तर काय सांगावं. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आपलं, आणि बोअरचं पाणी असलं क्षाराचं की बाटलीच्या तळाला पांढरा थर धरतोय. बुडबुड्याच्या बाटलीत (ऑक्सिजन ओलसर करायला मशीनला लावतात ती) डिस्टिल्ड पाणी टाका, नसेल तर उकळून गार केलेलं, पण रोज बदला. काहीजण गॅरेजमधनं बॅटरीचं पाणी आणतात, त्या कॅनमध्ये आधी काय होतं देव जाणे, ते अजिबात नको. क्षार बसलाच तर एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी, अर्धा तास भिजवून खळखळून धुवायचं. नेब्युलायझरचा (औषधाची वाफ देणाऱ्या मशीनचा) कप प्रत्येक वेळी धुवून उघडा वाळवायचा, त्याची हवेची नळी मात्र धुवू नका, आत पाणी राहतं.

झोपेत घोरताना श्वास अडकणाऱ्यांचं सीपॅप, म्हणजे मास्कमधनं दाबानं हवा देणारं मशीन, आमच्याकडं उशिरा आलं. जून 2021 मध्ये एका मोठ्या कंपनीनं जगभरातनं मशीनं परत मागवली होती, आवाज दाबायला आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण नळीत यायचे म्हणून, आणि ओझोननं साफ करणाऱ्या डब्यांनी तो फोम अजून लवकर खराब होतो असं कंपनीनंच सांगितलं. त्यामुळं तसल्या डब्या आम्ही ठेवत नाही, गिऱ्हाईक कितीही मागू द्या. मास्कची गादी रोज कोमट साबणाच्या पाण्यानं पुसा, नळी आठवड्याला धुवा, बास. गादी कडक झाली की हवा गळते, तेव्हा बदलायची, पट्टा आवळत बसायचं नाही.

अजून एक राहिलं, देवघर. ऑक्सिजन चालू असताना शेजारी समई, उदबत्ती, कापूर काहीच नको, विडी तर लांबच. नाक कोरडं पडलं म्हणून व्हॅसलिन लावतात, तेही तेलकट, नको, पाण्यात बनवलेलं जेल मिळतं.

आता विक्रीपेक्षा नळ्या, फिल्टर आणि घरी जाऊन साफसफाई ह्यातनंच दुकानाचं भाडं निघतंय. भाड्याचं मशीन परत आलं की नळी, मास्क, बाटली फेकतो आणि पुढच्याला नवीन देतो, ह्यात मार्जिन जातं, पण वापरलेली नळी दुसऱ्याच्या नाकात घालायला मन धजत नाही. औसा, निलंग्याला आम्ही स्वतः जातो, उदगीरला पार्सल एसटीनं पाठवतो. अहमदपूरला एक माणूस ठेवायचाय, पण शिकवून तयार केला की पोरगं पुण्याला पळतंय.