एस. व्ही. रोडवरचं अरण्य

लहानपणी बायबलात वाचलेलं की आत्म्याने येशूला अरण्यात नेलं आणि चाळीस दिवस तो तिथे उपाशी होता, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सरळ बोरिवलीचं नॅशनल पार्कच यायचं. झाडं, माकडं, बिबट्या. ते यहुदियातलं ओसाड रान होतं, नुसते दगड नि धूळ, हे फार उशिरा कळलं. मराठी शब्दानेच फसवलं म्हणा ना.

यंदाच्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत ठरवलं, मालाडच्या ऑर्लेमहून बांद्र्याला मोत माउलीच्या चर्चपर्यंत चालत जायचं, १५ किलोमीटरच्या वर, आणि वेदीपाशी पोचेपर्यंत तोंड उघडायचं नाही. खरं सांगायचं तर वर्षभर माझी प्रार्थना सुकलेली होती, रविवारची मिस्सा, चर्चमधली उपासना, नुसती हजेरी लावल्यासारखी. सोबत मावशी. ती म्हणाली, "मला गप बसता येत नाय, मी बोलले तर तू ऐकू नको."

पहाटे चारला निघालो. फोन घरीच. तोंडात एक लवंग ठेवली, कारण इजिप्तच्या वाळवंटातल्या अब्बा अगाथोन नावाच्या जुन्या ख्रिस्ती संन्याशाबद्दल वाचलेलं की गप्प राहायला शिकावं म्हणून त्याने तीन वर्षं तोंडात खडा ठेवलेला. लवंग गोरेगावलाच संपली. मला वाटलेलं गप्प राहिलं की आत शांत होईल, पण कसलं काय, ऑफिसातली भांडणं, गॅसचं बिल, दहा वर्षांपूर्वी वहिनी काय बोलली होती, सगळी वरात डोक्यातून चाललेली, आणि बाहेर रस्ता मात्र रिकामा, फक्त दुधाचे टेम्पो आणि झोपलेली कुत्री.

मग संत अंतोनी आठवला, तोही इजिप्तच्या वाळवंटातला संन्यासी. चौथ्या शतकात त्याची गोष्ट अथनासियस नावाच्या बिशपने लिहिली, त्यात आहे की तो २० वर्षं एका पडक्या किल्ल्यात स्वतःला कोंडून राहिला आणि भेटायला आलेल्या लोकांना बाहेर आतून गर्दीचा गोंगाट ऐकू यायचा. माणूस एकटा, आणि आवाज बाजाराचा. पूर्वी हे वाचून सैतानाची भीती वाटायची, आता वाटलं अरे हे तर माझंच डोकं आहे.

जोगेश्वरीला उजाडायच्या आधी टोप्या घातलेले लोक नमाजाला निघालेले, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. शार्ल द फुको असाच कुणाला तरी बघून हलला होता. फ्रेंच सैन्यातला माणूस, श्रद्धा कधीच सोडलेली, १८८३ ला वेषांतर करून मोरोक्कोत फिरला आणि तिथल्या मुसलमानांची प्रार्थना बघून त्याच्या मनात किडा वळवळायला लागला. १८८६ ला परत चर्चमध्ये आला, पुढे अल्जीरियाच्या वाळवंटात तमनरासेतला जाऊन राहिला आणि तिथेच १९१६ ला मारला गेला. २०२२ ला त्याला संत जाहीर केलं. मला त्याचं आवडतं ते हे की त्याला देव आठवायला दुसऱ्याचं गुडघे टेकणं पुरलं.

पार्ल्याच्या पुढे पाय इतके दुखायला लागले की डोक्यातली वरात आपोआप पांगली. खार येईपर्यंत मी "हे आमच्या स्वर्गातील बापा" एकदा, फक्त एकदाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत मनात म्हटलं, मध्ये काहीच न घुसता. वर्षभरात पहिल्यांदा. मावशी तेव्हा कोळंबीच्या भावाबद्दल बोलत होती.

मोत माउलीच्या टेकडीवर मेणबत्तीवाल्या बाईने विचारलं, "बोला, काय देऊ? हात, पाय, घर, बाळ?" ज्याचा नवस त्या आकाराचं मेण वाहायचं, ते सगळं ओळीने मांडलेलं. मला पाहिजे होतं त्याचा साचा तिच्याकडे नव्हता. मी साध्या मेणबत्तीकडे बोट दाखवलं, ती परत विचारायला लागली तर मावशी मध्येच, "दे गं साधी, मुकी हाय ती आज."

"आज" काय तिला ऐकू गेलं नसावं. तिने माझ्याकडे बघून च्‌च्‌ केलं आणि दहा रुपये परत हातात ठेवले, आणि मला नको पण म्हणता येईना.