पुढच्याला गाठायचं तर वेग कमी करा

कक्षेत तुमच्या पुढे एक यान फिरतंय आणि तुम्हाला ते गाठायचंय. काय कराल? मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न वर्गात हमखास विचारतो. बहुतेक मुलं म्हणतात, इंजिन चालू करा, वेग वाढवा. खरं उत्तर उलटं आहे. आधी वेग कमी करायचा. मग यान खालच्या कक्षेत उतरतं, तिथे घेर लहान आणि चाल जास्त, त्यामुळे फेरी लवकर पुरी होते आणि पुढचं यान हळूहळू टप्प्यात येतं. फळ्यावर सूत्र मांडलं की दहा मिनिटांत सिद्ध होतं. मुलं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत बरोबरही लिहितात. पण मनातून पटलेलं नसतं, ते चेहऱ्यावर दिसतं.

माझ्या भाचीला पटलंय, आणि ते मी शिकवलेलं नाही. ती ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ खेळते. २०११ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आलेला हा खेळ. रॉकेट आपणच जोडायचं, कर्बिन नावाच्या ग्रहावरून उडवायचं, जमलं तर ‘मन’ या त्याच्या चंद्रावर उतरवायचं.

एकदा मी शेजारी बसलो होतो तेव्हा ती दोन यानं जोडायच्या खटपटीत होती. लक्ष्य समोर दिसत होतं. तिने आपल्या यानाचं नाक त्याच्या दिशेने धरलं आणि इंजिन चालवलं. थोडं जवळ गेल्यासारखं झालं, मग अंतर वाढायला लागलं. “मामा, मी त्याच्याकडेच जातेय आणि ते लांब चाललंय!” उत्तर माझ्या ओठांवर होतं, तरी मी गप्प बसलो. तिने आधी साठवून ठेवलेली स्थिती परत आणली आणि पुन्हा तेच केलं, या वेळी जास्त जोर लावून. अंतर आणखी वाढलं. मग ती नकाशावर गेली. तिथे आपली कक्षा रेघेने दिसते आणि इंजिन चालू असताना ती रेघ डोळ्यांदेखत बदलते. तिने बारीक बारीक धक्के देऊन पाहिले. “मी इथे ढकलते आणि फुगतं ते पार पलीकडे.” हे वाक्य तिचं, जसंच्या तसं. कक्षेच्या गणिताचा गाभा त्यात आलाय. थोड्या वेळाने तिने यान उलटं फिरवलं, नाक मागे करून इंजिन चालवलं, आणि पुढच्या फेरीला दोन्ही यानं जवळ आली.

याच चकव्यात खरे अंतराळवीरही सापडलेत. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ यानातून जेम्स मॅकडिव्हिट आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायला बघत होते. त्याच्या दिशेने जोर लावला की तो दूरच जायचा. इंधन बरंच खर्ची पडल्यावर नाद सोडावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरात जेमिनी ६ए हे यान जेमिनी ७ च्या अगदी जवळ पोचलं, ते कक्षेचं गणित सांभाळून.

खेळ इथे शिकवतो म्हणजे काय करतो? चुकीची समजूत लगेच उघडी पाडतो, तीही न रागावता, आणि परत फिरून बघायला मोकळीक देतो. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधली पहिलीच पातळी बघा. मशरूम बाहेर पडतं, उजवीकडे सरकतं, पाइपला आपटून आपल्याचकडे परत येतं. ते शत्रू नाही, आपल्याला मोठं करणारं आहे, हे एकही शब्द न वाचता कळतं. ‘माइनक्राफ्ट’ या ठोकळे रचायच्या खेळात रेडस्टोन म्हणजे तिथली वीजच. रेडस्टोनची मशाल ज्या ठोकळ्यावर लावलीय त्याला प्रवाह मिळाला की ती विझते. हा झाला नॉट गेट, म्हणजे आलेला संकेत उलटा करणारं मंडल. त्याच ठोकळ्याला दोन तारा आणून जोडल्या की नॉर गेट, म्हणजे दोन्ही तारा बंद असतील तरच मशाल पेटती, आणि नॉर गेट पुरेसे असले की संगणकात असतं तसलं बाकीचं सगळं तर्कमंडल उभं करता येतं. दरवाजाचं कुलूप बनवायच्या नादात मुलं इथवर येतात.

म्हणूनच ‘बेरीज बरोबर आली की नाणं मिळेल’ असले शैक्षणिक म्हणवणारे खेळ मला आवडत नाहीत. त्यात गणित टोलनाक्यासारखं आडवं उभं असतं, पैसे भरा आणि पुढे जा. कर्बलमध्ये गुरुत्वाकर्षण वगळलं तर खेळच उरत नाही.

आकड्यांच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवं. कर्बिनची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या दहाव्या हिश्शाहून थोडी कमी, तरी पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकंच ठेवलंय. त्यामुळे तिथे खालच्या कक्षेत सेकंदाला साधारण सव्वादोन किलोमीटर वेग पुरतो. पृथ्वीभोवती साडेसातच्या वर लागतो. खेळणाऱ्याचा अंदाज पक्का होतो, आकडे मात्र दुसऱ्याच जगाचे डोक्यात बसतात. ते दुरुस्त करायला कुणीतरी जवळ लागतं आणि ते काम मला मनापासून आवडतं.

मध्यंतरी तिला जेम्स वेबसारखी दुर्बीण एल२ बिंदूवर ठेवायची होती. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्य आणि पृथ्वी दोघांचीही ओढ जिथे जमेस धरावी लागते ती जागा. खेळात ती सापडेना. मी सांगितलं, हा खेळ एका वेळी एकाच गोलाची ओढ मोजतो, दोघांची मिळून नाही, म्हणून ती जागा इथे नाहीच. ती थोडा वेळ विचार करत बसली आणि म्हणाली, “मग खेळ चुकीचा आहे का?” सोपा केलाय, मी म्हणालो, आणि मग कशाला सोपं करणं म्हणायचं आणि कशाला चूक, यावर आमचं जेवणापर्यंत चाललं. आता तिने ‘प्रिन्सिपिया’ नावाचा मॉड, म्हणजे खेळ बदलणारी जोडणी, टाकलाय, त्यात सगळ्या गोलांची ओढ एकत्र धरतात. तिच्या काही जुन्या कक्षा त्यात टिकेनाशा झाल्यात. कुठल्या टिकतात आणि का, याची वही तिने घातलीय.