ॲटम झेड3735एफ, 2 जीबी रॅम: डेबियन 13 ची नोंद

विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. कोल्हापुरात घरी पडून असलेला किंवा जुन्यात स्वस्तात मिळालेला ॲटमवाला छोटा लॅपटॉप कुणाकडे असेल, तर त्यावर डेबियन 13 (मोफत लिनक्स प्रणाली) बसवण्याची ही नोंद त्याच्यासाठी. 2 जीबी रॅम आणि 32 जीबी ईएमएमसी (डिस्कच्या जागी असलेली साठवण चिप) बोर्डालाच सोल्डर केलेली असते, त्यामुळे वाढवायचा प्रश्नच नाही. तरी मराठी टायपिंग, पीडीएफ आणि पायथन शिकायला हे यंत्र पुरेसं आहे.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: आत 32-बिट विंडोज दिसतं म्हणून लोक 32-बिट लिनक्स शोधत बसतात. प्रोसेसर 64-बिट आहे, फक्त यूईएफआय फर्मवेअर (यंत्र सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) 32-बिट आहे. 32-बिट लिनक्सच्या मागे लागू नका. डेबियन 13 मध्ये त्याचा इन्स्टॉलरच नाही आणि ब्राउझरही तो रस्ता सोडतायत. कर्नल (लिनक्सचा गाभा) 3.15 पासून 64-बिट कर्नल 32-बिट यूईएफआयवरून चालू होऊ शकतं, अडतं ते फक्त बूटलोडरपाशी, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामपाशी. म्हणून एएमडी64 नेटइन्स्ट (64-बिट डेबियनचा छोटा इन्स्टॉलर, बाकीचं नेटवरून घेतो) पेनड्राइव्हवर लिहून झालं की त्याच्या ईएफआय/बूट फोल्डरात बूटआयए32.ईएफआय ही फाइल आहे का बघा. ती नसेल तर पेनड्राइव्ह बूट मेनूत दिसणारच नाही, आणि आपण उगाच पोर्टला दोष देत बसतो.

बायोसमध्ये (यूईएफआयच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट बंद करा. यूएसबी पोर्ट बहुधा एक-दोनच असतात, म्हणून हब जवळ ठेवा. वाय-फाय बऱ्याच मॉडेलांत रियलटेक आरटीएल8723बीएस असतं. त्याचं फर्मवेअर डेबियन 12 पासून इन्स्टॉलरमध्येच येतं. तरी ते उठलं नाही तर फोन हबला लावून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने यंत्राला देणं) चालू करा, काम भागतं. पावसाळ्यात वीज जाते आणि या यंत्रांची बॅटरी बहुतेक मेलेली असते, तेव्हा इन्व्हर्टरवर असतानाच इन्स्टॉल सुरू करा. ईएमएमसीवर लिहिताना मधेच वीज गेली की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

विभाजन साधं: 300 एमबी ईएफआय, बाकी सगळं ईएक्सटी4, स्वॅप विभाजन नाही. यादीत एमएमसीबीएलके0 (म्हणजे ईएमएमसी) च्या जोडीला बूट0, बूट1 अशी छोटी नावं दिसतील, त्यांना हात लावू नका.

इन्स्टॉल नीट होऊनही रीबूटनंतर काळा पडदा आला, तर बहुतेक वेळा फर्मवेअर नवीन बूट नोंद विसरलेलं असतं. पेनड्राइव्हवरून रेस्क्यू मोडमध्ये जा, डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-ईएफआय-आयए32 चालवा आणि ग्रब (डेबियनचा बूटलोडर) रिमूव्हेबल मार्गावरही ठेवायचा का, या प्रश्नाला हो म्हणा.

बे ट्रेल प्रोसेसरचा (झेड3735एफ त्याच घराण्यातला) जुना दोष म्हणजे खोल सी-स्टेटमध्ये (वीज वाचवणाऱ्या झोपेच्या अवस्थेत) जाताना यंत्र गोठणं. असं झालं तरच ग्रबच्या कर्नल ओळीत इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=1 घाला (अंडरस्कोर, बिंदू, बरोबर यांच्या आजूबाजूला जागा सोडू नका) आणि अपडेट-ग्रब चालवा. बॅटरी लवकर उतरते, म्हणून सरसकट घालायची गरज नाही.

डेस्कटॉपला हलका एलएक्सक्यूटी घेतला. झेडरॅम-टूल्समध्ये (रॅममधला डेटा दाबून जागा करणारं साधन) झेडएसटीडी ही दाबण्याची पद्धत आणि 50 टक्के ठेवले की फायरफॉक्सचे चार-पाच टॅब सुखाने चालतात. हे केलंच पाहिजे, त्याशिवाय 2 जीबी फार लवकर संपते. रूट माउंटला नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवण्याचा पर्याय) दिल्याने ईएमएमसीवरचं लिहिणं कमी होतं. मराठी टायपिंगसाठी आयबस-एम17एन आणि लोहित देवनागरी फाँट.

राहिलेलं: आवाज हेडफोनवर येतो, स्पीकरवर नाही. पुढचा तपास एएलएसए-यूसीएमच्या (लिनक्सच्या आवाजाच्या सेटिंगच्या फाइली) आरटी5640 या साउंड चिपच्या प्रोफाइलचा. झाकण लावल्यावर यंत्र झोपतं, पण उठताना वाय-फाय हरवतं. नेटवर्कमॅनेजरमध्ये वाय-फायचा पॉवरसेव्ह 2 केला, म्हणजे बंद, तरी फरक नाही. आता वाय-फायचं मॉड्यूल (ड्रायव्हर) काढून पुन्हा घालणारी स्क्रिप्ट लावून बघणार.