शनिवारची वही

शनिवारी आपली शाळा सकाळची असायची आणि आमच्या घरी तेव्हा शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी लेखणी धरायची नाही, हा आजीचा दंडक. मी वर्गात बसावं, ऐकावं, पण लिहू नये, अशी तडजोड वडिलांनी हेडमास्तरांशी केली होती. आम्हा बेने इस्राएलांना, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांना, कुलाबा जिल्ह्यात पूर्वी ‘शनिवार तेली’ म्हणत, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. त्यामुळे हेडमास्तरांना फार समजवावं लागलं नाही. रविवारी बाकावरचा माझा शेजारी स्वतःची वही घेऊन घरी यायचा आणि मी उतरवून घेईपर्यंत ओटीवर बसून राहायचा. दहावीपर्यंत हे चाललं. त्यात काही विशेष आहे असं ना त्याला वाटलं, ना मला.

इतिहासाच्या सरांनी एकदा भर वर्गात विचारलं, “तुमचा मसीहा अजून यायचाय म्हणे. तारीख काही ठरलीय का?” मसीहा म्हणजे आम्हा यहुद्यांच्या सुटकेसाठी येणारा तारणहार. सगळे हसले, मीही हसलो. घरी मालिद्याची तयारी चालली होती. आजीला विचारलं तर म्हणाली, “आधी एलियाहू हन्नाबी वर्दी द्यायला येईल. तोवर तू नारळ खवून दे.”

एलियाहू पैगंबर अग्निरथातून स्वर्गात गेला आणि मसीहाच्या आधी परत येईल, ही सगळ्याच यहुद्यांची श्रद्धा. आमच्या लोकांच्या मते तो अलिबागजवळच्या खंडाळ्यावरूनही गेला. तिथल्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. पोहे, गूळ, खोबरं आणि फळं यांचा मालिदा त्याच्याच नावाने होतो.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला इस्रायलमध्ये अश्दोदला आल्यावर, फार उशिरा, तालमूद या आमच्या प्राचीन धर्मचर्चांच्या ग्रंथात सापडलं. मसीहाच्या आगमनाचं गणित मांडणाऱ्यांना तिथे चक्क शाप दिलेला आहे. राव नावाचे आचार्य म्हणतात, ठरलेल्या साऱ्या मुदती उलटून गेल्या. आता सगळं पश्चात्तापावर आणि सत्कृत्यांवर अवलंबून आहे. त्याच चर्चेत उलट मतही आहे, की वेळ भरली की सुटका होणारच, माणसं सुधारोत वा न सुधारोत. मला रावांचं पटतं. तारखेच्या नादाने काय होतं ते स्वतःला मसीहा म्हणवणाऱ्या शब्बताई त्स्वीने दाखवलंच. 1665-66 मध्ये अनेक देशांतले यहुदी त्याच्यामागे गेले आणि तुर्की सुलतानापुढे उभं केल्यावर त्याने धर्मच बदलला.

तालमूदमधलीच एक गोष्ट मला सर्वांत आवडते. रब्बी (धर्मगुरू) यहोशुआ बेन लेवी एलियाहूला विचारतात, मसीहा कधी येणार? “त्यालाच जाऊन विचार. रोमच्या वेशीवर रोग्यांमध्ये बसलाय.” ओळखायचा कसा? बाकीचे रोगी आपल्या सगळ्या जखमा एकदम सोडतात आणि एकदम बांधतात. हा एक सोडतो, ती बांधतो, मग दुसरी. न जाणो बोलावणं आलं तर खोळंबा नको! रब्बी त्याला गाठतात. तो म्हणतो, “आज येणार.” आज काही तो येत नाही. रब्बी एलियाहूकडे तक्रार करतात, तेव्हा तो स्तोत्रातली ओळ पुरी करून सांगतो: आज, जर तुम्ही देवाचं ऐकाल तर.

बाराव्या शतकातले यहुदी धर्मपंडित रामबाम यांनी याला हिशेबाचं रूप दिलं. प्रत्येकाने असं समजावं की आपलं आणि साऱ्या जगाचं पाप-पुण्य तराजूत अगदी समसमान आहे आणि आपल्या पुढच्या एका कृत्याने पारडं झुकणार आहे. यात थोर कृत्यच हवं असं कुठेही म्हटलेलं नाही. हे वाचलं त्या रात्री मला ओटीवर बसलेला तो मुलगा आठवला.

रब्बी योहानान बेन झक्काई तर याही पुढे गेले. हातात रोप असताना कोणी सांगितलं की मसीहा आला, तर आधी रोप लावा आणि मग त्याच्या स्वागताला जा!

आपल्या शाळेच्या महोत्सवानिमित्त कुंपणालगत झाडं लावणार असल्याचं कळलं. एक आंबा माझ्या त्या बाकावरच्या शेजाऱ्याच्या नावाने लावा. खर्च मी पाठवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार, तेवढं आधी ठरवून घ्या.

— एक माजी विद्यार्थी, अश्दोद (इस्रायल)