गुजरांवाल्याची ती खोली

नांदेडात वाढलेल्या शीख माणसाला महाराजा रणजितसिंग परके नाहीत. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाराची आजची इमारत पंजाबच्या या महाराजांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतली. ते स्वतः मात्र नांदेडला कधी आले नाहीत. त्यामुळे पाकिस्तानात गुजरांवाल्याला असलेलं त्यांचं घर आपण जाऊन बघावं, हे लहानपणापासून मनात होतं.

भारतातून शीख यात्रेकरूंच्या जत्थ्याबरोबर पाकिस्तानात गेलं तर व्हिसावर लिहिलेल्या गावांपलीकडे जाता येत नाही. माझा पासपोर्ट आता ब्रिटिश आहे, म्हणून मी एकट्याने अर्ज केला. जन्मगाव भारतातलं दिसल्यावर प्रश्न वाढले. वडील कुठले, आजोबा कुठले, कुठे उतरणार, ओळखीचं कोण. सगळं खरं आणि सविस्तर लिहिलं, गुजरांवाला हे नावही स्पष्ट घातलं. सात आठवड्यांनी व्हिसा आला. कोणी जाणार असाल तर हातात तेवढे दिवस ठेवूनच तिकीट काढा.

लाहोरहून गुजरांवाला जी. टी. रोडने सत्तरेक किलोमीटर. जुन्या भाजीमंडईपाशी उतरलो. महाल शोधणारे डोळे इथे फसतात. हातगाड्या, कोबीच्या पानांचा चिखल, आणि मध्येच एक जीर्ण विटांची हवेली. दाराला कुलूप. किल्लीवाले जेवायला गेलेले.

शेजारच्या दुकानातल्या चाचांनी फोन लावला, खुर्ची दिली, चहा मागवला. "सरदारजी, एवढ्या लांबून या पडक्या घरासाठी आलात?" त्यांनी पंजाबीत विचारलं. मी मोबाइलवर हुजूर साहिबचा फोटो काढून दाखवला. "हे आमच्या गावात त्यांनी बांधलंय." चाचा बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. मग समोरच्या दोघांना हाक मारून त्यांनाही दाखवला.

तासाभराने कुलूप उघडलं. २०२२ च्या ऑगस्टमधल्या पावसात हवेलीच्या छताचा काही भाग कोसळला, त्यामुळे जपून पाय टाकावा लागतो. "महाराज जन्मले ती ही खोली," किल्लीवाले म्हणाले. आमच्या नांदेडच्या घरातली माजघराची खोली असते, जवळपास तेवढीच. जुन्या काळच्या पातळ विटा, बोटभर जाडीच्या. सांध्यातला चुना हात लावला की भुरभुरत होता. भिंतीत एक रिकामा कोनाडा.

महाराजांचा जन्म १७८० चा. तो इथे झाला की भारतातल्या पंजाबातल्या बडरुखांला, यावर वाद आहे. पण त्यांचं घराणं इथलंच, सुकरचकिया मिसलीचं, म्हणजे शीख सरदारांच्या एका लढाऊ संघाचं. देवीच्या आजारात डावा डोळा गेला तेव्हा ते लहान होते. वडील महासिंगही लवकर गेले आणि मिसल या पोराच्या अंगावर पडली. १७९९ मध्ये त्यांनी लाहोर घेतलं तेव्हा वय अठरा. त्या कोनाड्यासमोर उभं राहून हे आठवलं आणि मला रडू आलं.

या घराची डागडुजी तातडीने व्हायला हवी. आणखी चार पावसाळे त्या भिंती काढतील असं मला वाटत नाही. ज्याने दूरच्या गोदाकाठी दगडी दरबार उभा केला, त्याचं घर मातीत जाऊ नये.

निघताना किल्लीवाल्यांनी कुलूप लावलं. चाचांनी मला दारापुढे उभं करून फोटो काढला, आणि हुजूर साहिबचा तो फोटो आपल्या फोनवर मागून घेतला.