सड्याला मार्क किती?

सडा म्हणजे कोकणातलं जांभ्या कातळाचं उघडं पठार. त्याची प्रकृती शंभरपैकी किती, हे ठरवायला आम्हा काही जणांना बोलावलं होतं. वर्षानुवर्षांच्या नोंदी हाताशी नसल्या की जाणकारांच्या अंदाजावरच भिस्त. पण पद्धत अंदाजपंचे नव्हती. प्रत्येकाने एकट्याने लिहायचं: कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, सगळ्यात पटणारा आकडा कोणता, आणि खरी स्थिती या दोन टोकांत बसेल याची खात्री किती टक्के. मग चर्चा, मग पुन्हा आकडे. टोकं आधी विचारतात, कारण एकदा एकच आकडा तोंडातून गेला की माणूस त्यालाच धरून बसतो.

रत्नागिरीजवळच्या एका सड्याला आमच्यातल्या एका ज्येष्ठ सरांनी 30 दिले, मी 80. सरांची हयात सह्याद्रीच्या जंगलात गेलेली. ते म्हणाले, ''झाड नाही, माती नाही, उरलंय काय?'' सातबाराही याला पोटखराबाच, म्हणजे लागवडीला निकामी जमीन म्हणतो, त्यामुळे सर एकटे नव्हते.

मी म्हटलं, ''सर, माती नाही हेच तर इथलं वैभव!'' पहिल्या पावसात कातळाच्या फटींतून दिपकाडी वर येते. शास्त्रीय नावातच कोकण असलेली. पुढे ओल्या जांभ्यावर गेंद आणि सीतेची आसवं. आसवांची ही नाजूक निळी फुलं दिसतात सोज्वळ, पण खाली बारीक पिशव्यांत पाण्यातले जीव पकडून खातात, कारण जमिनीत कसच नाही. आता सुरुंग लावून खड्डे पाडा, ट्रकने माती आणून ओता, हापूस लावा. हिरवाई वाढेल, सरांच्या हिशेबात मार्कही वाढतील. सडा मात्र संपला.

सर हसले. मग त्यांनी कडेच्या चिरेखाणी आणि त्यांचा पाण्यात उतरणारा गाळ दाखवला. त्यावर मी 80 वरून खाली आले, तेही वर सरकले.

संयोजकांना तर पहिल्याच आकड्यांची सरासरी काढून मोकळं व्हायचं होतं. 30 आणि 80 ची सरासरी 55, म्हणजे दोघांपैकी कुणाचंच मत नाही! आमचं भांडण सड्याबद्दल नव्हतंच, धडधाकट सडा कसा असतो याबद्दल होतं. तेवढं आधी लिहून घ्या, असं मी ठासून सांगितलं.

गुरांच्या चराईवर मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. त्या रकान्यात दोघांचे आकडे कारणांसकट वेगवेगळेच ठेवायला लावले.