डोंगरावरील बायबल कॉलेजात रुळताना

मी ज्या बायबल कॉलेजात दाखल झाले, ते समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटर उंचीवर, डोंगराच्या एका सोंडेवर वसलेले आहे. प्रवासाचा शेवटचा टप्पा घाटाचा असल्यामुळे ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढची जागा आधीच मागून घ्यावी आणि उजेडात पोहोचता येईल अशाच बेताने निघावे. धुके उतरले की गाडी अक्षरशः रांगत जाते. वाहन फाटकापाशी थांबते आणि तिथून वसतिगृहापर्यंत नुसत्या पायऱ्या आहेत, त्यामुळे एका अवजड ट्रंकेपेक्षा हातात धरता येतील अशा दोन बॅगा बऱ्या. पाळकांचे (आपल्या चर्चच्या धर्मगुरूंचे) शिफारसपत्र, बाप्तिस्म्याचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका वरच्या कप्प्यात ठेवाव्यात, कारण खोलीची किल्ली मिळण्याआधी कार्यालयात त्यांचीच विचारणा होते.

वर्ग सुरू होण्याच्या निदान दोन दिवस आधी पोहोचावे, हा माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८० टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी होतो. निरोगी माणसाला त्याचा सहसा धोका नसतो. मात्र पायऱ्या चढताना धाप लागते, डोके जड होते आणि पहिल्या काही रात्री झोप तुटक येते. पायथ्यापेक्षा येथे थंडीही अधिक असते, कारण दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. त्यात पहाटेची प्रार्थना, चॅपलची उपासना, वर्ग, श्रमदान, सायंकाळचा अभ्यास असा घंटेवर चालणारा दिवस सुरू झाला की आठवड्याभरात नवा विद्यार्थी हमखास म्हणू लागतो, ‘माझे प्रार्थनेत मन लागत नाही, मला खरोखर पाचारण, म्हणजे देवाच्या सेवेचे बोलावणे, झाले आहे का?’ आमच्या तुकडीत हा प्रश्न इतक्या जणांनी, इतक्या गंभीरपणे आणि नेमका त्याच आठवड्यात विचारला की त्याचे मूळ आत्म्यापेक्षा फुप्फुसांत असावे, अशी माझी खात्री झाली.

याला पवित्र शास्त्रातच, म्हणजे बायबलमध्येच, आधार आहे. पहिल्या राजांच्या पुस्तकातील १९व्या अध्यायात संदेष्टा एलीया थकून झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करीत नाही. त्याला दोनदा खाऊपिऊ घालतो आणि मधे झोपू देतो. होरेब डोंगराकडची वाट आणि तिथला संवाद हे सारे त्यानंतरचे आहे. तेव्हा पहिले दोन-तीन आठवडे भरपूर पाणी प्यावे, जेवण चुकवू नये, दिवे मालवण्याची वेळ झाली की खरोखर झोपावे आणि पाचारणाविषयीचे निर्णय तोवर तहकूब ठेवावेत. डोके फारच दुखू लागले, उलट्या झाल्या किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मात्र प्रार्थनेची विनंती करून थांबू नये. वॉर्डनला लगेच सांगून डॉक्टरांकडे जावे.

कपड्यांबाबत एकाच जाड कोटापेक्षा एकावर एक चढवता येतील असे पातळ थर उपयोगी पडतात, कारण ऊन आणि सावली यांतला फरक इथे मोठा असतो. धुके आठवडाभर हटले नाही तर धुतलेले कपडे वाळत नाहीत, म्हणून मोज्यांचे जोड सढळ हाताने आणावेत. ग्रंथ मात्र कमी आणावेत. जाडजूड भाष्यग्रंथ ग्रंथालयात असतातच, शिवाय दमट हवेत पुस्तकांना बुरशी धरते. आपल्या भाषेतील पवित्र शास्त्राची एक ठळक अक्षरांची प्रत आणि वह्या एवढे पुरे.

अभ्यासात सर्वांत जास्त वेळ पवित्र शास्त्राच्या मूळ भाषा, हिब्रू आणि ग्रीक, खातात. हिब्रूची २२ अक्षरे उजवीकडून डावीकडे लिहावी लागतात आणि त्यांतील पाच शब्दाच्या शेवटी आली की रूप बदलतात. स्तोत्र ११९ मध्ये याच अक्षरांच्या क्रमाने आठ-आठ ओव्यांची २२ कडवी आहेत. रोज एक अक्षर आणि त्याचे कडवे घेतले तर वर्णमालाही बसते आणि वाचनही होते. ग्रीकची धास्ती मराठी विद्यार्थ्याने बाळगू नये. तीन लिंगे आणि विभक्ती आपल्या अंगवळणी पडलेल्या असतात, आणि ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले होते त्यांना ग्रीक क्रियापदाचा मध्यम प्रयोग आत्मनेपदाच्या ओळखीने लवकर कळतो.

खरा हादरा हस्तलिखितांच्या तासाला बसतो. मार्काच्या शुभवर्तमानाच्या १६व्या अध्यायातील शेवटच्या बारा ओव्या चौथ्या शतकातील सिनाय व व्हॅटिकन या दोन प्रमुख हस्तलिखितांत नाहीत, हे ऐकल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती धड्याच्या रसामुळे नसते. अशा दिवशी रात्री घरच्या पाळकांना घाबरून फोन करण्याऐवजी प्रश्न वहीत लिहावा आणि प्राध्यापकांना त्यांच्या भेटीच्या वेळेत विचारावा. त्यांनी हा प्रश्न प्रत्येक तुकडीकडून ऐकलेला असतो, आणि वर्गात न सांगितलेले बरेच काही ते निवांतपणे सांगतात.

खोलीतले सोबती वेगवेगळ्या मंडळ्यांतून (चर्चमधून) आलेले असतात. एकीला मोठ्याने प्रार्थना केल्याशिवाय चैन पडत नाही, तर दुसरीला संपूर्ण शांतता हवी असते. पहिल्याच दिवशी वेळा ठरवून घ्याव्यात, आणि तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा की नाही हा वाद दिवे मालवल्यानंतर काढू नये, कारण तो गेल्या पाचशे वर्षांत मिटलेला नाही. श्रमदानासाठी निवड करता आली तर थंडीत स्वयंपाकघर मागावे: तिथे ऊब असते आणि वरिष्ठ विद्यार्थ्यांकडून कोणत्या विषयाची तयारी कधीपासून करावी हे भांडी घासता घासता समजते. या उंचीवर पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळत असल्याने शिजायला वेळ लागतो, म्हणून तिथली पाळी पहाटे लवकर सुरू होते, एवढी मात्र तयारी ठेवावी.

घरी फोन करण्याचा एक वार आणि एक वेळ ठरवून कळवावी. नेटवर्क गेले की घरचे काळजी करतात, आणि रोज बोलत राहिले तर मन तिथेच राहते. सत्राअखेरच्या सुट्टीसाठी रजेचा अर्ज वॉर्डनकडे आधीच द्यावा आणि परतीचे तिकीट परीक्षेच्या दुसऱ्या दिवसाचे न काढता आणखी एक दिवस पुढचे काढावे. पावसात दरड कोसळली तर घाट बंद होतो आणि खाली उतरायला दुसरा रस्ता नसतो.